पोटाचा घेर मोजायला शिका: टेप कुठं धरायचा, आकडा कसा वाचायचा

पहाटे साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर धावायला येणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, पोलीस भरतीची मापं तोंडपाठ असतात. उंची १६५ सेंटीमीटर, छाती ७९, फुगवून ५ जास्त. त्याच पोराच्या वडिलांना विचारा, तुमच्या पोटाचा घेर किती? ते क्षणभर थांबतील आणि पँटचा नंबर सांगतील. आईकडं तोही नंबर नसतो, कारण परकराला नाडी असते. नाडी सैल करत गेलं की आकडा कधी समोर येतच नाही.

मी साताऱ्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात काम करते. त्याआधीची सगळी वर्षं शिंप्याच्या घरात गेली. वडील मापं सांगायचे, मी वहीत लिहायची. स्टेथोस्कोपच्या कितीतरी आधी माझ्या हातात टेप आला. म्हणून घरच्या घरी कंबर, सीट (म्हणजे कुल्ल्यांचा घेर) आणि उंची कशी मोजायची, त्यावरून अंगातली चरबी कुठं साठली आहे हे कसं ओळखायचं आणि डॉक्टरकडं कधी जायचं, हे पहिल्यांदाच टेप हातात घेणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे.

चरबी किती, यापेक्षा ती कुठं

चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी. दंड, मांड्या, कुल्ले आणि पोटाचा वरचा थर, इथं ती असते. दुसरी चरबी पोटाच्या आत, आतड्यांच्या आणि यकृताच्या भोवती साठते. ती चिमटीत येत नाही. हातपाय बारीक, पण पोट टणक आणि पुढं आलेलं, असा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पोटात हीच चरबी असते.

धान्य कणगीत असेल तर घराला त्याचा त्रास नसतो. कणगी भरली आणि पोती चुलीपाशी, येण्याजाण्याच्या वाटेवर रचायची वेळ आली की घरातलं कामच अडतं. मांड्या-कुल्ल्यांवरची चरबी म्हणजे कणगीतलं धान्य. पोटातली चरबी म्हणजे चुलीपाशी रचलेली पोती. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं, म्हणजे चरबी फुटून होणारे घटक, शिरेवाटे थेट यकृतात जातात. यकृतात चरबी साठू लागते, इन्शुलिनला नीट काम करता येत नाही, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, रक्तदाबही चढतो. फ्रान्समधल्या मार्सेच्या जाँ वाग या डॉक्टरांनी १९४७ सालीच पोटावर साठणारा पुरुषी ठेवणीचा लठ्ठपणा आणि मांड्या-कुल्ल्यांवर साठणारा बायकी ठेवणीचा लठ्ठपणा वेगळे करून मांडले होते. पहिल्या प्रकाराचा संबंध त्यांनी पुढं मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी जोडला. पाळी गेल्यानंतर बायकांची चरबीही मांड्यांकडून पोटाकडं सरकते. पन्नाशीतल्या बाई सांगतात, "वजन तेवढंच आहे हो, पण ब्लाऊज पोटावर येईना," तेव्हा हेच घडत असतं.

मग वजनकाटा काय सांगतो? बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, काढताना किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागतात. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन गणितज्ञाचं, आणि बीएमआय हे नाव १९७२ साली पडलं. आपल्याकडं २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. हा आकडा उपयोगाचा आहे, मी तो टाकून द्या म्हणत नाही. पण त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि चरबी कुठं आहे हे तर अजिबातच कळत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३ होता. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचा शेजारीशेजारी उभा राहिलेला फोटो २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्या माणसाच्या अंगात कमी वजनातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे त्या एका फोटोत दिसतं. म्हणून "मी तर बारीक आहे, मला काय होतंय" हे वाक्य मला फार काळजीचं वाटतं.

आधी टेप तपासा

शिंप्याचा साधा इंची टेप चालतो. गवंड्याचा पत्र्याचा टेप अंगाभोवती नीट वळत नाही, तो नको. जुना टेप मात्र वापरून वापरून ताणला जातो, आणि ताणलेला टेप माप नेहमी कमी दाखवतो. पोरांच्या दप्तरातली ३० सेंटीमीटरची पट्टी घ्या, तिच्यावर टेप तीन वेळा पुढं सरकवत ९० पर्यंत ताडून पाहा. टेपवरचे ९० पट्टीवर ९२ भरत असतील तर तो टेप फेकून द्या. शून्य कुठून सुरू होतं तेही पाहा. काही टेपांत पितळी टोकापासूनच शून्य असतं, काहींत पुढं रेघ असते. वडील नवा टेप आणला की पहिल्यांदा हेच करायचे, कारण अर्ध्या इंचानं चुकलेली पँट गिऱ्हाईक परत आणून टाकतं. इथं तर माप परत आणून टाकणारं कुणी नसतं.

माप सेंटीमीटरमध्ये घ्या. इंचात घेतलं तर अर्धा-पाव इंच सोडून द्यायची सवय लागते.

कंबर: सगळा लेख या एका मापासाठी

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी मोजा. पोट उघडं हवं. बायकांनी परकराची किंवा सलवारीची नाडी पूर्ण सोडावी. नाडीनं रोजच्या जागी वळ पडलेला असतो, आणि टेप नकळत त्याच वळात जाऊन बसतो. तिथं माप दोन-तीन सेंटीमीटरनं कमी येतं. एका शिबिरात मी साडी, परकर आणि वर स्वेटर अशा सगळ्यावरून टेप गुंडाळताना पाहिलं आहे. पुरुषांना तर "पोट आत घ्या" असं सांगून माप घेतलं जात होतं. दोनशे माणसांचे आकडे वहीत चढले आणि त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. बायकांचं माप बाईनंच घ्यावं, दार लावून घ्यावं. लाज वाटली की माणूस अंग चोरतो आणि माप चुकतं.

आता जागा. कंबर म्हणजे पँट बसते ती जागा नव्हे, आणि बेंबीही नव्हे. उजव्या काखेखालून बोटं खाली दाबत आणा. एकेक बरगडी लागेल आणि एका ठिकाणी बरगड्या संपून मऊ भाग येईल. शेवटच्या बरगडीच्या खालच्या कडेला पेनानं बारीक खूण करा. मग भांडायला उभं राहावं तसा हात कमरेवर ठेवा. बोटांखाली कमरेच्या हाडाची वरची कड लागते. तिथं दुसरी खूण. अंगात मांस जास्त असेल आणि हाड सापडत नसेल तर उताणं झोपून चाचपा, लगेच सापडतं. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करा. डाव्या बाजूलाही हेच. टेप या तिसऱ्या खुणेवरून जायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत हीच आहे.

एवढी खटपट कशासाठी? पोट सुटलं की बेंबी खाली उतरते, पँट त्याहून खाली उतरते. हाडं मात्र जागची हलत नाहीत.

माझ्या वडिलांची पँट वर्षानुवर्षं ३६ नंबरची होती. स्वतःची पँट ते स्वतः शिवायचे. आत दोन इंच माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, ठेवायचे, पण ती उसवायची वेळ कधी आली नाही, म्हणून त्यांना वाटायचं की आपण आहोत तसेच आहोत. खरं म्हणजे दरवर्षी पट्टा ढेरीखाली थोडा थोडा सरकत होता. पायाला सुई लागून झालेली जखम महिना झाला तरी भरेना, तेव्हा साखर तपासली, आणि ती किती वर्षांपासून वाढलेली होती कोण जाणे. त्यानंतर मी त्यांची कंबर बरगडी आणि हाड यांच्या मध्ये मोजली, १०१ सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ ४० इंच. चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजणाऱ्या माणसाची कंबर कुणी मोजलीच नव्हती, मीसुद्धा नाही.

पुढं मोजणं सोपं आहे. पाय थोडे फाकून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं, हात बाजूला सैल सोडायचे. टेप जमिनीला समांतर हवा. पुढून सरळ दिसतो तेव्हा पाठीमागं तो हमखास खाली लोंबतो, म्हणून दुसऱ्या माणसानं एकदा मागं जाऊन बघावं. एकटे असाल तर आरशासमोर बाजूनं उभे राहा. टेप कातडीला टेकलेला हवा, पण कातडीत रुतता कामा नये. टेप काढल्यावर वळ दिसला तर तुम्ही तो आवळला होता.

श्वास हीच सगळ्यात मोठी अडचण. टेप पोटाला लागला की माणूस आपोआप पोट आत ओढतो, सांगूनही थांबत नाही. मी एक करते. टेप लावून झाला की विचारते, "आज भाजी काय केली?" किंवा "पाऊस कसा आहे तुमच्याकडं?" माणूस उत्तर द्यायला लागला की पोट सैल सुटतं. उत्तर संपल्यावर दोन-तीन साधे श्वास होऊ द्यायचे आणि नेहमीसारखा श्वास बाहेर गेल्यावर, पुढचा आत घ्यायच्या आधी, आकडा वाचायचा. जोर लावून श्वास सोडायचा नाही.

टेप काढून पुन्हा पहिल्यापासून मोजा. दोन मापांत एका सेंटीमीटरच्या आत फरक असेल तर दोन्हींची सरासरी धरा. जास्त फरक आला तर दोन्ही सोडून द्या आणि परत दोनदा मोजा. सुरुवातीला हे होतंच. मला स्वतःला हात बसायला पंधरा-वीस माणसं लागली.

सीट आणि उंची

कपडे शिवणारे ज्याला सीट म्हणतात तो कुल्ल्यांचा घेर. पाय जुळवून उभं राहायचं, बाजूनं बघून कुल्ले जिथं सगळ्यात बाहेर आलेले दिसतात तिथून टेप घ्यायचा. पातळ कपड्यावरून चालेल, फक्त खिशातला मोबाइल आणि पाकीट काढून ठेवा.

उंचीसाठी सपाट भिंत हवी. चपला काढा, बायकांनी अंबाडा सोडावा. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून नजर समोर ठेवा. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून धरा आणि त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलनं रेघ मारा. भरतीच्या वेळी मोजलेली जुनी उंची धरू नका. साठीनंतर मणके दबून उंची कमी होते.

आकडे काय सांगतात

पहिला आकडा नुसत्या कमरेचा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० सेंटीमीटर, बायकांसाठी ८०. इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी याच्या अलीकडं आणखी एक सावधगिरीची रेघ सांगितली: पुरुष ७८, बायका ७२. इथून पुढं वाढू द्यायचं नाही असा तिचा अर्थ. मोबाइलवर शोधलं तर १०२ आणि ८८ असेही आकडे दिसतील. ते गोऱ्या लोकांच्या अभ्यासातून आलेले आहेत. त्यावर विसंबून "मी अजून आत आहे" म्हणणारा सातारकर प्रत्यक्षात रेघेच्या बारा सेंटीमीटर पलीकडं असू शकतो.

दुसरा आकडा मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला कागदपेन्सिलही लागत नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. एक सुतळी घ्या, टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीएवढी कापा, मध्ये दुमडा आणि ती दुहेरी सुतळी आपण आत्ता शिकलो त्या जागी कमरेभोवती गुंडाळा. टोकं एकमेकांना भेटली तर ठीक, मध्ये फट राहिली तर कंबर निम्म्याच्या वर गेली. वाड्यावस्तीवर जिथं आजीला आकडे वाचता येत नाहीत, तिथं सुतळी बरोबर बोलते. गणितानं काढायचं तर कमरेला उंचीनं भागा: ०.४ ते ०.४९ चांगलं, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ आणि पुढं जास्त धोका. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच विभागणी आहे, आणि स्त्री-पुरुष दोघांना एकच माप लागू पडतं.

तिसरा, कमरेला सीटनं भागून येतो. पुरुषांमध्ये ०.९० किंवा जास्त, बायकांमध्ये ०.८५ किंवा जास्त आलं तर चरबीची वाटणी पोटाकडं झुकलेली आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी या गुणोत्तराचं नातं बीएमआयपेक्षा जास्त घट्ट निघालं होतं. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कंबर आणि सीट पहिल्यांदाच मोजली गेली, ५६.७ टक्के बायका आणि ४७.७ टक्के पुरुष या रेघेच्या पलीकडं निघाले. निम्मा देश म्हणा. या गुणोत्तराचा एक दोष मात्र लक्षात ठेवा. माणूस बारीक होताना कंबर आणि सीट दोन्ही कमी झाल्या तर भागाकार तसाच राहतो, आणि आपण काहीच केलं नाही असं वाटून हिरमोड होतो. म्हणून हे सुरुवातीला एकदा काढा. दर महिन्याला बघायची ती नुसती कंबर.

आता तीन माणसं घेऊ. मापं मी समजावण्यासाठी योजली आहेत, पण अशी माणसं मला दर आठवड्याला भेटतात.

एक दुकानदार, वय ५२, उंची १६८, वजन ६४ किलो. बीएमआय २२.७, म्हणजे काट्यावर सगळं उत्तम. कंबर ९३, सीट ९४. कमरेला उंचीनं भागलं तर ०.५५, सीटनं भागलं तर ०.९९. टेपची तिन्ही उत्तरं रेघेच्या पलीकडं. हा माणूस वजन करून खूश होऊन घरी जातो, आणि याचीच साखर आधी तपासायला हवी.

तालमीत जाणारा पोरगा, त्याचीही उंची १६८, पण वजन ७४. बीएमआय २६.२, कागदावर लठ्ठ. कंबर ८२, सीट ९९. भागाकार ०.४९ आणि ०.८३. मांड्या आणि पाठ स्नायूंनी भरलेली आहे, पोटात काही साठलेलं नाही. त्याला वजन कमी कर म्हणून सांगणारा चुकेल. मात्र त्याची ८२ ही सावधगिरीच्या ७८ च्या पुढं आहे, तेव्हा तालीम सोडून खुराक तसाच चालू ठेवला तर काय होतं तेही त्याच्या कानावर घालायला हवं. जुने पैलवान आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

तिसऱ्या एक मावशी, उंची १४८, वजन ५२, कंबर ८६, सीट ९४. बीएमआय २३.७, जरासाच जास्त. भागाकार ०.५८ आणि ०.९१. ठेंगण्या बांध्यात ८६ सेंटीमीटर म्हणजे बरंच झालं. उंचीची निम्मी ७४ येते. त्यांना १२ सेंटीमीटरची वाट चालायची आहे. ती एका दमात चालायची नसते, पहिलं ठिकाण ८० धरायचं.

आशाताईचा फॉर्म

तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरते, त्याला सीबॅक म्हणतात. त्यात कंबर विचारलेली असते. बायकांना ८० पर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० एक, ९० च्या वर दोन. पुरुषांना ९० पर्यंत शून्य, ९१ ते १०० एक, १०० च्या वर दोन. वयाचे गुण वेगळे, शिवाय तंबाखू, दारू, हालचाल आणि घराण्यातला आजार यांचे. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी बोलावतात. वरच्या दुकानदाराचं बघा: पन्नाशीच्या वयाचे तीन, कमरेचा एक, दिवसभर गल्ल्यावर बसतो म्हणून एक. झाले पाच. आशाताई दारात येते तेव्हा "लिहा अंदाजानं" म्हणू नका. तिला आत बोलवा, माप घेऊ द्या. अंदाजानं लिहिलेला एक गुण माणसाला यादीतून खाली ढकलतो.

उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. कंबर रेघेच्या पुढं असेल तर रक्तदाब, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), आणि जमेल तेव्हा कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची तपासणी करून घ्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आलं तर डॉक्टर पुन्हा खात्री करून मधुमेहाचं निदान करतात. टेप निदान करत नाही. कुणाला आधी तपासायचं एवढंच तो सांगतो, आणि कंबर ७५ असलेल्या माणसालाही रक्तदाब असू शकतो.

कुणाला हे आकडे लावू नयेत

गरोदर बाईला नाही, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतही नाही. लहान मुलांना नाही, त्यांचे तक्ते वयाप्रमाणं वेगळे असतात. सुतळीचा नियम तेवढा पाच वर्षांच्या पुढच्यांना अंदाजासाठी वापरतात. हर्निया असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर माप फसवं येतं. आणि एक गोष्ट अजिबात अंगावर काढू नका: थोड्या आठवड्यांत पोट झपाट्यानं वाढलं, हातपाय मात्र वाळत चालले, पायांवर सूज आली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर ती चरबी नसते. पोटात पाणी झालेलं असू शकतं. तेव्हा टेप ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कंबर कमी करताना

इथं मी थोडक्यात सांगते, कारण आहारावर लिहायला वेगळा लेख लागेल. पोटाला पट्टा बांधून किंवा नुसते पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी निवडून कमी होत नाही. सगळं अंग हललं पाहिजे. आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं चाला. साताऱ्यात चढ मुबलक आहेत. अजिंक्यताऱ्याचा रस्ता, चार भिंतींची टेकडी, दम असेल तर यवतेश्वरचा घाट. गुडघे कुरकुरत असतील तर सपाटीवर चाला, चढाचा हट्ट नको. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा बैठका, जोर किंवा भिंतीला हात लावून जोर, म्हणजे स्नायू टिकतात. खाण्यातलं फक्त एक सांगते, चहा मोजा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर, नुसत्या चहातून.

पोटातली चरबी व्यायामाला लवकर दाद देते. त्यामुळं पहिल्या दोन महिन्यांत असंही होतं की काटा जागचा हलत नाही पण टेप दोन सेंटीमीटर आत येतो. तिथं पुष्कळजण काट्याकडं बघून सोडून देतात, आणि मला फार वाईट वाटतं, कारण नेमकं जे व्हायला हवं तेच सुरू झालेलं असतं.

महिन्यातून एकदाच मोजा. रोज मोजलं तर जेवण, पाळी, बद्धकोष्ठ यांनी आकडा सेंटीमीटरभर इकडंतिकडं होतो आणि जिवाला घोर लागतो. एक-दीड सेंटीमीटरचा फरक मोजण्यातला समजा. तीन महिन्यांत तीन कमी झाले तर ते खरे. तारीख ठरवून घ्या, पहिल्या तारखेची सकाळ सोयीची पडते. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशोब लिहिता, तिच्यावरच त्या चौकोनात घरातल्या प्रत्येकाचा आकडा लिहा, आणि टेप खिळ्याला तिथंच अडकवून ठेवा. आमच्या घरी वडिलांचा आकडा मी लिहिते. या महिन्यात ९४ आहे.